कोऱ्या रकान्यांचं मी काय केलं

ऐंशीच्या दशकात टेबलावर मावणारे संगणक आले आणि आमच्या विभागात आकडेमोडीचे प्रोग्रॅम विकणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. कोणता घ्यायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे यायचं. विक्रेता वेगाबद्दल आणि रंगीत आलेखांबद्दल बोलत राहायचा, आणि मी मध्येच म्हणायचे, "ते राहू द्या. कोरा रकाना हा काय समजतो?" मग मी स्वतः दहा आकडे भरायचे, त्यातला एक सोडून द्यायचे आणि सरासरी मागायचे. सहकारी हसायचे. बाईंचं पुन्हा सुरू झालं, म्हणायचे. खुशाल हसा. मला मात्र या प्रश्नाचं उत्तर फार आधी, न विचारता मिळालं होतं, आणि मी ते कानाआड केलं होतं.

तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरला पीएच.डी. करत होते. धानाची शेती करणाऱ्या घरांत बायांच्या कामाचा मुलांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, असा विषय होता. गावं निवडली ती कोंढ्याच्या आसपासची, म्हणजे माझ्याच घराजवळची. फॉर्म भरायला बाईमाणूस हवं होतं. दादा म्हणाला, "तुही वैनी जाईन ना. तिचं अक्षर चांगलं हाये." वहिनी सातवी शिकलेली. उन्हाळाभर ती पिशवी खांद्याला लावून घरोघर फिरली. प्रत्येक घराला नंबर तिनंच दिला. मध्ये कार्बन घालून प्रत्येक फॉर्मच्या दोन प्रती करायची, एक मला आणि एक तिच्याजवळ.

पावसाळ्याच्या तोंडावर छपरीत बसून मी तिचं काम तपासायला घेतलं. हयात मुलं किती, हा रकाना भरलेला. जन्मून गेलेली किती, हा रकाना कितीतरी फॉर्मांवर कोरा. मी वैतागले. मला तेव्हा वैतागायला फार वेळ लागत नसे.

"वैनी, हे काहून सोडलं?"

"त्या बाईचं लेकरू गेलं हाये, बाई. मी विचारलं तं उठून चुलीपुढं जाऊन बसली."

"मग तिथं शून्य तरी लिही."

"शून्य कशी लिहू? शून्य लिहलं तं तिले झालंच नाही असं होते."

"मग एक लिही."

"एक का दोन, मले का मालूम? तिनं सांगतलं नाही ना."

आमच्याकडे गेलेल्या लेकराबद्दल आई बोलत नाही. असलेल्यांच्या समोर तर नाहीच, त्यांना काही होईल अशी भीती असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच गावात वाढले होते, पण चार वर्षं नागपूरला राहून आले की आपल्याच माणसांच्या वागण्यात चुका दिसायला लागतात.

"धान कापू दे," वहिनी म्हणाली. "चुरणा झाला का बाया मोकळ्या होतेत. मी पुन्हा जाईन, त्याइच्याजवळ बसीन, हळूच विचारीन. तवरक थांब."

चुरणा म्हणजे धानाची मळणी. मी थांबते म्हणाले. गठ्ठ्यात सगळ्यात खाली आमच्या घराचा फॉर्म होता, तिनं स्वतःच भरलेला. त्यावरही तो रकाना कोरा होता. वहिनीची पहिली मुलगी अडीच वर्षांची होऊन तापानं गेली होती, ऐन धानाच्या रोवणीत. मी तेव्हा दोन दिवसांसाठी आले आणि परीक्षा होती म्हणून परत गेले. त्यानंतर त्या मुलीचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. मी तो फॉर्म पाहिला, गठ्ठा बांधला आणि एस.टी. पकडली.

नागपूरच्या ज्या संगणक केंद्रात माझं काम होणार होतं तिथलं यंत्र एक अख्खी खोली व्यापून होतं. एका घराचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर ऐंशी रकाने, आणि उत्तरांप्रमाणे पाडलेली छिद्रं. ती कार्डं वाचायला तिथं दोन प्रोग्रॅम होते. एक मोठं पॅकेज टेपवरून बाहेरून आलेलं. इथं उत्तर मिळालेलं नाही असं त्याला सांगता यायचं. मग ते ती घरं बाजूला ठेवायचं आणि अशी घरं किती हेही छापून द्यायचं. पण त्यासाठी कोऱ्या जागांची सगळी कार्डं ठरावीक खुणेनं पुन्हा पाडून घ्यावी लागत, आणि नंबर दिवाळीनंतरचा होता. दुसरा प्रोग्रॅम केंद्रातच लिहिलेला, लहानसा. त्याचं काम आठवड्याभरात व्हायचं.

तिथला ऑपरेटर सरळ माणूस होता. "मॅडम, हा लहानवाला कोऱ्या जागेले शून्य समजते," तो म्हणाला. "तुमच्या कार्डाइत कोऱ्या जागा हायेत का?"

"आहेत थोड्या."

"मंग पॅकेज घ्या. थांबा लागन, पन तेच घ्या."

मी लहान प्रोग्रॅम घेतला. माझे मार्गदर्शक दिवाळीआधी परदेशी जायचे होते आणि त्यांना प्रकरण हातात हवं होतं. माझ्यासोबतच्या एकीचा प्रबंध तर जमाही झाला होता. कारणं सांगायची तर अशी आहेत. पण माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. थोड्या कोऱ्या जागांनी सरासरी कितीशी हलणार, असं मी स्वतःला समजावलं, आणि त्या जागा नेमक्या कोणत्या रकान्यात आहेत याचा विचार करायचं टाळलं.

हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर तक्ते छापून आले. गेलेल्या मुलांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुतेक शून्यं होती. मार्गदर्शकांनी चष्मा वर करून पाहिलं. "तुमच्याकडचं बरं दिसतंय की सगळं," ते म्हणाले. मी तक्त्यांची घडी घातली. प्रबंध टाइप झाला, बांधून आला. मागे परिशिष्टात घरांच्या नंबराप्रमाणे सगळा तक्ता जोडला.

एक प्रत घेऊन मी घरी गेले तेव्हा चुरणा आटोपला होता. वहिनीनं ते जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि देवाजवळ नेऊन ठेवलं. मग आतून तिच्या प्रतींचा गठ्ठा आणून माझ्यापुढे सोडला.

"घे. माहं काम झालं."

मी एकेक कागद उलटत गेले. सगळे कोरे रकाने पेन्सिलीनं भरले होते. एक. दोन. एक. एका घरी चार.

"सगळ्यांनी सांगितलं?"

"सगळ्याइनं."

"कसं काय?"

"मी आंधी माहं सांगतलं," वहिनी म्हणाली. "मंग त्याइनं त्याइचं सांगतलं."

ती सांगत होती. एकीनं धान पाखडता पाखडता सांगितलं आणि सूप खाली ठेवलं नाही. एका म्हातारीनं नवऱ्याला पाणी आणायला पाठवलं आणि तो येईपर्यंत सगळं बोलून टाकलं.  प्रबंध उरकल्याचं मी कळवलं असतं तर ती कुणाकडेही गेली नसती. मी तिला एक पोस्टकार्डही लिहिलं नव्हतं. आमच्या घराच्या फॉर्मवर तिनं एकचा आकडा घातला होता आणि त्याच्या बाजूला मुलीचं नाव लिहिलं होतं, बारीक अक्षरात. फॉर्ममध्ये नाव विचारलेलं नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही, तेवढा अधिकार माझा राहिलेला नाही.

"बाकीच्याइचं तू मागाहून मशीनमंधी घालशीन," ती म्हणाली. "थांब म्हणलं होतं, पन तुही घाई मले समजते. आमच्या घरचं तं तुले मालूमच होतं. ते आलं असन ना पुस्तकात?"

मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

ती उठली, देवाजवळचं पुस्तक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "कोन्त्या पानावर हाये, दाखव."

तक्त्याची शीर्षकं इंग्रजीत होती, ती तिला वाचता येत नव्हती. आकडे मात्र येत होते, आणि घराचा नंबर तर तिनंच दिलेला. तिनं बोटानं खाली खाली जात आमचा नंबर शोधला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या ओळीत गेलेल्या मुलांच्या रकान्यात शून्य होतं. त्याच ओळीत दोन रकाने पुढे एकचा आकडा होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"ही?" तिनं विचारलं.

"हो, वैनी."

ती उठून आत गेली. मग करंडा आणून तिनं त्या एकाला कुंकू लावलं आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं. त्या रकान्यात आम्ही घरच्या दुभत्या गाई मोजल्या होत्या.