घोडा मागून बघणारे मामा

आमच्या वाद्यवृंदाच्या आठ गजांना मी खोबरेल तेल लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी गळ्यात मारलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, प्रसन्न चित्ताने मी ते लावलं. गज म्हणजे व्हायोलिन ज्याने वाजवतात ती काठी, हे मला ठाऊक होतं. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात, हेही ठाऊक होतं. त्या केसांना तेलाचा थेंब लागला की गज मुका होतो, एवढंच काय ते ठाऊक नव्हतं.

पण हा माझा पराक्रम नीट समजायचा तर आधी माझ्या बायकोचे मामा समजायला हवेत, आणि ते अजून मामींनासुद्धा समजलेले नाहीत. सारंगखेड्याला यात्रेत घोड्यांचा बाजार भरायला लागल्यापासून आजवर लाखो माणसांनी घोडे पाहिले असतील, पण घोडा मागून बघणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या सासरकडचा निघाला. बाकीचे लोक घोड्याचे दात बघतात, कान बघतात, कपाळावरचा भोवरा बघतात, चाल बघतात. मामा सरळ मागे जातात, चष्मा पुसतात आणि शेपटीचा एक केस दोन बोटांत धरून उजेडाला लावतात. एकदा उत्तरेकडचा एक व्यापारी आपल्या पांढऱ्याशुभ्र घोड्याच्या खानदानाची माहिती तिसऱ्या पिढीपर्यंत घेऊन आला होता. बघतो तर गिऱ्हाईक गायब. "अरे सेठ, लात पड़ेगी! मुँह इधर है!" तो ओरडला. मागून मामांचा शांत आवाज आला, "मुँह मेरे को बजाना नहीं है."

मामा केळीवाले. तापीकाठी बाग, खानदानी गुजर शेतकरी. यात्रेला जाताना बागेतल्या केळीच्या फण्या गाडीत टाकूनच निघतात. व्यवहार ठरलेला : एका फणीने घोड्याचं शेपूट विंचरायचं, त्यातून निघालेले लांब केस जपून घ्यायचे आणि दुसरी फणी मालकाच्या हातात ठेवायची. घोडा पांढराच हवा आणि नरच हवा. "घोडीचं शेपूट ओलं असतं," हे कारण ते यात्रेच्या भर गर्दीत, माझ्या सासूबाईंच्या देखत, वर्गात शिकवावं तसं समजावून सांगतात. मुंबईहून तयार केस मागवता येतात, असं मी एकदा सुचवलं होतं. ते म्हणाले, "घोडे आपल्या दारात येतात आणि केस आपण कुरिअरने मागवायचे?" तेव्हापासून मी सुचवणं सोडलं. पुढे कळलं, ते थोडं आधीच सोडायला हवं होतं.

हे व्हायोलिनचं प्रकरण मामांना लागलं बडोद्याला. तरुणपणी ते तिथे शेतीचं शिकायला गेले. खोलीचा मालक वाजवणारा निघाला, आणि मामा चार वर्षांनी परत आले ते एक व्हायोलिन, एक पेटीभर विलायती स्वरलिपीचे कागद आणि शेतीचे दोन राहिलेले विषय घेऊन. मग पंचवीस-तीस वर्षं बाग केली, पोरांची लग्नं केली, आणि एके दिवशी केळीच्या पॅकिंग शेडमध्ये बसायला प्लास्टिकचे क्रेट उलटे मांडून जाहीर केलं की दर रविवारी दुपारी इथे वाद्यवृंदाची तालीम होईल. आश्चर्य म्हणजे माणसं आली. आज आम्ही सोळा जण आहोत. मामांचं सोडून सात व्हायोलिनं, गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरवरून येणारा एक चेलो, बासऱ्या, पेटी आणि इतर. त्यात क्लॅरिनेटवर लग्नाच्या बँडमधले मास्तर. यांचं जरा दुर्लक्ष झालं की क्लॅरिनेट आपोआप वरातीकडे वळतं. दुसऱ्या ओळीच्या व्हायोलिनवर तळोद्याच्या मॅडम, आदिवासी विकासच्या कार्यालयात नोकरीला. त्यांचे वडील पोलीस बँडमध्ये होते. आमच्यात खरं वाजवता येणाऱ्या माणसांची मोजणी केली तर मॅडमपाशी सुरू होते आणि मॅडमपाशीच थोडी रेंगाळते. आणि सर्वांत मागे, फवारणीच्या पंपाशेजारी, मी. माझ्याकडे ट्रँगल. ट्रॅक्टर-गॅरेजवाल्याने सळई तीन ठिकाणी वाकवून दिलेला. चार भागांच्या रचनेत मला एकूण पाच वेळा टिंग करायचं असतं. मी शाळेत भूगोल शिकवतो, पाचपर्यंत मोजता येतं, पण माझं टिंग योग्य जागी पडलं तो रविवार शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

यात माझी एकट्याची चूक नाही. मामा ताल मोजतात गुजरातीत. "एक, बे, त्रण, चार!" 'एक'ला पहिल्या ओळीकडे बघतात, 'बे'ला मॅडमकडे, 'त्रण'ला मास्तरांकडे दटावून, आणि 'चार'ला माझ्याकडे, रस्त्यात बैल आडवा आल्यावर बघावं तसं. बोलतात मात्र शुद्ध मराठीत. मामा खुशीत असले की मराठी अगदी पुस्तकी : "द्वितीय व्हायोलिनांनी किंचित मृदू व्हावे." बिनसलं की अहिराणी. "मास्तर, हाई काय, कोनी वरात शे का?" असं ऐकू आलं की त्या दिवसाची तालीम संपली असं समजून मामी चहा ठेवतात.

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द शेडमध्ये काढायचा नाही. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गाणं आणि नाच. एकदा शहाद्याचे एक गृहस्थ हळदीच्या कार्यक्रमाला बोलवायला आले. "गायिका कोन शे तुम्हनाकडे?" मामा म्हणाले, "गायिका नाही." गृहस्थ जरा खट्टू झाले. "बरं, मंग नाचनारं?" मामांनी मागे वळून पाहिलं. "नाचायला आमचे जावई आहेत."

मामांचा स्वतःचा गज ही तर वेगळीच चीज. त्याला हात लावायचा नाही. मामींनी एकदा कपाटावरची धूळ पुसताना त्याच्यावरही फडकं फिरवलं, तर मामा दोन दिवस बोलले नाहीत. मामी म्हणतात, "ते दोन दिवस मन्हा संसारमा सगळ्यात शांत गयात. मी अजून फडकं जपी ठेवेल शे." त्याच गजाने मामा वाजवतात आणि तोच हवेत फिरवून आम्हाला हाकतात.

मामांनी स्वतः एक रचना बांधली आहे, चार भागांची. अकरा वर्षं आम्ही तीच वाजवतो आहोत आणि अकरा वर्षांत ती लोकांसमोर एकदाही शेवटपर्यंत गेली नव्हती. अडचण अशी की एक भाग संपला की दुसऱ्याआधी जरा थांबायचं असतं, आणि आपल्याकडे माणूस थांबला की आभारप्रदर्शन सुरू होतं. एकदा पहिल्या भागानंतर निवेदकाने माइक घेतला आणि मंडपवाल्यापासून सर्वांचे आभार मानले. एकदा दुसऱ्यानंतर प्रमुख पाहुण्यांना नारळ मिळाला आणि ते गेले, त्यांच्यामागे लोक गेले. एकदा आमच्या शाळेतल्या कार्यक्रमात तिसऱ्या भागाच्या मध्यावर मी टिंग केलं, ते इतकं अवेळी आणि इतकं ठाम होतं की मुख्याध्यापकांना वाटलं तास संपला. चौथा भाग तसाच राहिला. तो जवळजवळ एकट्या व्हायोलिनचा आहे, मॅडमच्या हाताकडे बघून लिहिलेला. त्या वाजवतात आणि मामा व्हायोलिन खाली ठेवून ऐकतात. शेवटच्या सुरानंतर चार मोजायचे आणि माझं एक टिंग. मग संपलं.

गेल्या डिसेंबरात मॅडमच्या बदलीचा कागद आला. गडचिरोली. यात्रेनंतर पंधरा दिवसांनी शहाद्याच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं. तालमीत मामा एवढंच म्हणाले, "या वेळी चौथा भाग होईल." पुस्तकी मराठीत म्हणाले, पण आवाज अहिराणीतला होता.

यात्रेतून आणलेले नवे केस मामांनी रात्रंदिवस खपून आठही गजांना बसवले आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला बोलावलं. "हे फक्त शहाद्याला पोचवा." फक्त. मी घरी आणून उलगडून पाहिले, तर केस कोरडे, राठ, त्यांच्यावर पांढरी भुकटी. मला वाईट वाटलं. यात्रेत मी स्वतः पाहिलं होतं, व्यापारी घोड्यांच्या आयाळीला, शेपटीला तेल लावून कसे चमकवतात. मॅडमचा शेवटचा कार्यक्रम, आणि गज असे पारोशे? थंडीने बाटलीत तेल थिजलं होतं, ते मी गॅसवर कोमट केलं. आधी ती भुकटी पुसून काढली. ती राळ होती, तिच्यामुळेच तार बोलते, हे मला नंतर पंधरा जणांनी वेगवेगळं समजावून सांगितलं.

संध्याकाळी हॉलमध्ये मॅडमनी गज तारेवर ठेवला. काही झालं नाही. बर्फावरून घसरावा तसा गज घसरत गेला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, आज यांचं न्हाणं होतं का?"

मास्तरांनी वास घेतला. "खोबरेल! जवाईबुवा, मंग वेनी बी घाली देवानी व्हती, गजरा लावी देवाना व्हता!"

मामा पुढे आले. आठही गज त्यांनी एकेक करून बोटांवर घासून पाहिले. नवे केस बसवायला गजामागे तासभर लागतो, आणि लोक यायला अर्धा तास होता. "मामा, शाम्पूने धुतले तर..." मी म्हणालो. ते वळले. "जवाईबुवा, तुम्हीन हाई काय करं?" एवढंच. खुर्चीत बसले आणि रिकाम्या हॉलकडे बघत राहिले. अकरा वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण ट्रँगल गळ्यात बांधून तापीत उतरावं. पण आमची सळई हलकी, तेही जमलं नसतं.

लोक यायला लागले तसे मामा उठले. "बोटांनी," ते म्हणाले. "तीन भाग बोटांनी. मधे थांबायचं नाही, श्वास घ्यायलाही नाही. एक, बे, त्रण, चार."

आणि आम्ही वाजवलं. सात व्हायोलिनं आणि चेलो नुसत्या बोटांनी छेडलेले, पत्र्यावर थेंब पडावेत तसे. इतका हलका आवाज की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी "पंखा बंद करा रे" म्हणून हाक दिली. पंखे बंद झाले. लोक पुढे वाकले. मास्तरांचं क्लॅरिनेट इतकं खाली आलं की त्याला वरात आठवलीच नाही. माझी चार टिंगं पडली, जागच्या जागी पडली, मलाच भीती वाटली. निवेदक दोनदा माइककडे सरकला, पण त्याला फट सापडली नाही.

चौथा भाग बोटांनी होण्यासारखा नव्हता. मामा मॅडमपाशी गेले आणि आपला गज त्यांच्या हातात दिला. तो एकच कोरडा होता, कारण तो त्यांनी माझ्याकडे दिला नव्हता. मामी पहिल्या रांगेत ताठ बसल्या. मॅडमनी मान हलवली आणि वाजवलं. मामा रिकाम्या हाताने ताल देत होते, मग हात खाली आला, मग नुसतेच उभे राहिले. त्या व्हायोलिनबद्दल मी काही लिहू नये, माझा हुद्दा ट्रँगलचा आहे. एवढंच सांगतो की शेवटचा सूर संपला तेव्हा मी डोळे मिटून ऐकत होतो.

कुणीच काही वाजवेना. मी डोळे उघडले. मामा माझ्याकडे बघत होते. 'चार' होऊन गेला होता. निवेदकाने माइक पकडला, टाळ्या सुरू झाल्या, आणि माझी काठी हवेतच राहिली.

मी मान खाली घालून मामांसमोर गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा रचना शेवटापर्यंत पोचली होती आणि शेवट माझ्या हातात राहिला होता. मामांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "एक ठोका राही गया. आते परत वाजाडनं पडी, चारी भाग, पहिलेपाईन. मे महिनामा सुटी काढी लेवा." मॅडम गज परत देऊ लागल्या, तर त्यांनी हात मागे घेतला. "राहू द्या. येताना आणा."

मेमध्ये त्यांना सुटी मिळाली नाही. पुढच्या दिवाळीतही नाही. रविवारी तालीम होते. मॅडमचा क्रेट मामांनी हलवू दिलेला नाही. 'बे' म्हणताना ते अजून तिकडेच बघतात, त्यामुळे दुसरी ओळ हमखास उशिरा सुरू होते. परवा गडचिरोलीहून फोन आला, "मामा, गजाचे केस झडायला लागलेत." दुसऱ्या दिवशी मामा यात्रेत हजर. आता चालताना त्यांना कोपराला आधार लागतो, तो मी देतो. पांढरा घोडा मिळाला. मामा मागे गेले, केस उजेडाला लावले, फणी फिरवली, फणी दिली. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. पुढे आले आणि घोड्याच्या कपाळावर थोडा वेळ हात ठेवला. तो केसांचा जुडगा कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला. एवढ्या सगळ्यानंतर, माझ्याच हातात. मी तो कागद छातीशी धरला. "मामा, मी आजच कुरिअरने पाठवतो, अगदी व्यवस्थित..."

"पाठवा," मामा म्हणाले. "पन यास्ले काहीच लावू नका, जवाईबुवा. तेल बी नही, नि डोकं बी नही."