वीस फुटी डब्यातली दुपार

वीस फुटी कंटेनरमध्ये किती हळद मावते, हे व्यापारी, मुनीम, ड्रायव्हर कुणीही सांगेल. पण उन्हाळ्यात भर दुपारी त्याच कंटेनरमध्ये माणूस किती वेळ टिकतो, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का?

माझा मामा कारंज्याला हमाली करायचा. घरचा भाजीपाल्याचा छोटा मळा होता. पहाटे वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजारात पोचवायचा आणि तिथूनच गोदामावर जायचा. टोळीत सगळ्यांत जास्त तोंड त्याचंच चालायचं. कुणी पोतं उचलताना कण्हला की हा लगेच, "काहून रे, सासऱ्यानं पाठवलं का तुले, जावई म्हनून?" हसता हसता पोतं पाठीवर चढलेलं असायचं.

हमाल कंटेनरला डब्बा म्हणतात. वीस फुटी डब्बा आतून जेमतेम एकोणीस फूट लांब आणि आठ फुटांच्याही आत उंच. चाळीस फुटीत जागा दुपटीहून थोडी जास्त, पण वजनाची मर्यादा काही दुप्पट नाही. म्हणून चाळीस फुटीत सोयाबीन भरलं की वजन आधी पुरं होतं आणि पोत्यांच्या वर मोकळी जागा उरते. हळद हलकी, वीस फुटीत ती थेट छताला टेकवतात. दार एकाच टोकाला, खिडकी नाही, आणि माल लावायचा तो आतल्या भिंतीपासून. वजनाचे सगळे आकडे दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेले असतात. डब्याचं ओझं किती, मालाचं किती, सगळं. हमालाबद्दल त्या दारावर एक अक्षर नसतं.

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. कामगारांच्या हक्कांचं एक पत्रक घेऊन मी मामाकडे गेले होते, तेव्हा त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"याच्यात काय लिवलं, माय?"

"सावली, पाणी, मधे सुट्टी मिळाली पाहिजे, असं."

"बरं झालं. कागद जाड हाय. वारा घ्याले कामी येईन." आणि खरोखरच त्यानं त्या पत्रकानं वारा घेतला.

त्या दिवशी डब्बा सकाळी यायचा होता, तो आला दुपारी. ट्रेलर वाटेत अडकला होता. संध्याकाळी भरून नागपूरला निघायलाच हवा, असं मुनीम ओरडत होता. मी मामाची भाकरी घेऊन पोचले तेव्हा डब्बा उन्हात उभा होता. मी दाराला हात लावला आणि लगेच मागं घेतला. अर्धा डब्बा भरला होता. मामा पोत्यांच्या पायरीवर उभा, डोकं छताला लागेल इतक्या उंचावर. खालून पोतं यायचं आणि तो ते वरच्या थरात सारायचा. हळदीच्या धुळीनं तो आणि त्याचा दुपट्टा पिवळा झाला होता.

"मामा, भाकर खाऊन घे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बैल सोडला का? वांगे खुडून घ्या लवकर, बाजार उठून जाईन."

टोळी खो खो हसली. खालचा एक हमाल म्हणाला, "वांगे नाय बावा, हळद हाय! लगन ठरलं काय तुहं पुन्हा?"

"सांभार बांधून ठेवा," मामा म्हणाला. आणखी हसू. मामाचं असलं बोलणं त्यांना रोजचंच होतं. एरवी हा माणूस शुद्धीवर असताना याहून अचाट बोलायचा. मग त्याच्या हातातलं पोतं सुटलं आणि तो गुडघ्यांवर आला, तरी एकजण म्हणालाच, "पाहा, नाटक करून राह्यला!"

तो उठला नाही. अंग तव्यासारखं तापलं होतं. हाताहातांवर बाहेर आणलं, रिक्षात घातलं. कारंज्याहून अकोल्याला पाठवलं. ऊन मेंदूपर्यंत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. मागे तो डब्बा दुसऱ्या माणसांनी भरला आणि तो वेळेवर गेला.

मामा जगला. पण पाय एका रेषेत पडत नाहीत, आणि जीभ जड झाली आहे. एक शब्द तोंडातून निघेपर्यंत समोरच्याची मान खाली जाते. टोळीतली माणसं भेटायला येतात. तो अजूनही टोमणे मारतो, पण टोमणा पुरा होईस्तोवर त्यातलं हसू संपून गेलेलं असतं. मग ते चहा पितात, आणि हसावं की नाही हे न कळून एकमेकांकडे बघत राहतात. मामी आत जाऊन उभी राहते. मामाला हे सगळं कळतं. शरीर गेल्याचं त्याला तितकं दुःख नाही, जितकं या शांततेचं आहे.

त्या दुपारी कुणाची नियत वाईट नव्हती, असं मला सांगतात. मला ते पटत नाही. डब्याची वेळ पाळायची आणि माणसाची नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

म्हणून एक मागते. तुमच्या गावच्या गोदामापुढे उन्हात डब्बा भरताना दिसला तर पुढे निघून जाऊ नका. दारात जा, पत्र्याला हात लावा, आणि ऊन उतरेपर्यंत काम थांबवायला सांगा. आणि आतला कुणी भलतंसलतं बोलू लागला तर हसू नका. त्याला ताबडतोब बाहेर काढा, सावलीत अंगावर पाणी ओता, आणि दवाखान्यात घेऊन जा.