नवरीचा शेंडा

माझ्या सासूबाईंनी स्वतःच एक नेम काढला होता. त्या नेमापायी कल्याणला मी जे सोसलं, ते आठवलं की अजून डोकं तापतं. नेम असा, की आषाढी एकादशी झाली की वृंदावनातली तुळस ही नवरी मुलगी. कार्तिकात तिचं लग्न लागेपर्यंत तिला नख लावायचं नाही. पूजेला पानं हवीत, खोकल्याला काढा हवा, तर परसात विहिरीपाशी आपोआप उगवलेली तुळस खुशाल ओरबाडा.

त्या वर्षी माझा जीव या नवरीत अडकला होता. लग्न झाल्यापासून मी ठाण्याला माहेरी गेले नव्हते, आणि सासूबाईंनी कबूल केलं होतं, "तुळशीचं लग्न नीट पार पडू दे, मग जा आठ दिवस."

माझे वडील वैद्य. त्यांच्या अंगणात मी लहानपणीच शिकले होते, की शेंडा वर चढत असतो तोवर पानांच्या बगलेतले डोळे झोपून राहतात आणि शेंडा खुडला की फुटतात. मंजिऱ्या पिकू दिल्या तर नवी पानं येणंच थांबतं. हे मी सासूबाईंना सांगितलं.

"अगं, नवरीचं डोकं खुडायला सांगतेस? हेच शिकवलं का माहेरी?"

मी नुसतं पाणी घालत राहिले. नवरी काठीसारखी सरळ वर गेली, मंजिऱ्यांनी भरली, खालून उघडी पडली. दिवाळीला वृंदावनात काटक्या उरल्या. विहिरीपाशीची मात्र रोज लुटली जाऊन अंगभर फुटली होती.

"तुझ्या हातालाच गुण नाही," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीपाशीची तुळस मुळांच्या मातीसकट काढून वृंदावनात लावली. उसाचा मांडव घातला, चिंचा-आवळे ठेवले, मंगलाष्टकं झाली. मी माहेरचं विचारलं.

"आता कशी जाशील? ही मुळं धरेपर्यंत पाणी कोण घालणार? आणि बरं का, नवी सून आहे ती. नख लावू नकोस."

मला रडू आलं नाही, संताप आला. तुळशीनं मूळ धरल्यावर एका सकाळी सासूबाईंच्या देखत मी तिचे शेंडे खुडू लागले.

"काय करतेस गं?"

"खोकला झालाय."

घरात आता दुसरी तुळस नव्हती. सासरे ओसरीवरून म्हणाले, "काढा घेऊ दे तिला." त्यापुढे सासूबाईंचं काही चालेना.

तुळस दाट होत गेली आणि माझा खोकला काही हटेना. माघ उजाडला तेव्हा सासूबाईच कंटाळल्या. म्हणाल्या, "जा बाई ठाण्याला, तुझ्या वडिलांनाच दाखव."

वडिलांनी नाडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरं करायला किती दिवस लावू?"