भोरगिरीच्या वाटेवरचे चार बोल्ट आणि पिवळी रेघ

मागच्या हिवाळ्यात मावळातल्या एका ओढ्याच्या उतारावर आमचा कॅम्पर ट्रेलर गाडीपासून सुटला आणि केवळ सुरक्षा-साखळीच्या आधाराने लटकत राहिला. बाबांनी गाडीतून उतरून ते दृश्य पाहिले आणि निकाल दिला, "बास. तुझ्या त्या डब्याबरोबर आता मी येत नाही." मी यंत्ररचना शिकवते, त्याच विषयात माझी डॉक्टरेट आहे, बाबांनी चौतीस वर्षे पिंपरीतल्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काढली. त्यांचा निकाल मला मान्य नव्हता. ते पुन्हा येतील, याच ट्रेलरबरोबर, आणि भोरगिरीपर्यंत, हे मी तिथेच ठरवले.

दोष गोळ्याच्या जोडणीत होता. गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसते. डांबरी रस्त्यावर ही रचना उत्तम. पण ट्रेलरचे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर गेले की वाटी पिळली जाते, आणि त्या पिळाला मर्यादा असते. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले अज्ञानातून आणि उरलेले विक्रीसाठी दिलेले असतात, म्हणून स्पष्ट सांगते: कच्च्या रस्त्यावर जायचे असेल तर वर-खाली, डावी-उजवीकडे आणि स्वतःभोवती पूर्ण फिरणारी, पिनची जोडणी घ्या. तिची क्षमता ट्रेलरच्या भरलेल्या वजनाशी ताडून पाहा, रिकाम्या नव्हे. शिवाय पिन एकट्याने बसवता येते का, हे दुकानातच वाकून तपासा.

चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये ज्ञानोबांनी ती बसवली. हे लातूरकडचे फिटर. हात अत्यंत नेटका. चार बोल्ट त्यांनी टॉर्क पान्याने मोजून आवळले आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची जाड रेघ ओढली. माझ्या निर्दोष काळ्या पावडर कोटिंगवर! मी थिनर मागितले.

"मॅडम, राहू द्या की ते. पुसायलाव कशाला?"

"घाण दिसतंय. बोल्ट नीट आवळलेत ना? मग झालं."

"ट्रेलर तुमचा, मर्जी तुमची," म्हणत त्यांनी थिनरचा बोळा पुढे केला.

रेघेचा उपयोग मला ठाऊक होता. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पण अचूक आवळलेल्या बोल्टला पहारेकरी कशाला, असे माझे मत होते.

बाबा महिनाभराच्या आग्रहानंतर तयार झाले, तेही अटीवर. "एकदाच. जोडणीतून नुसता आवाज जरी आला, तरी मी एसटीनं परत."

शनिवारी पिंपळे सौदागरहून निघून संत तुकाराम नगरला बाबांच्या घरी पोहोचेपर्यंत सकाळचे साडेसहा वाजले. बाबा खाली उभेच होते. खिशाला नेहमीचा पिवळा मार्कर. निवृत्त झाले तरी रीत सुटलेली नाही. घरातल्या पंख्याच्या नटावर, कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर, सगळीकडे पिवळी रेघ. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मी तो कुकर ओट्याखाली ढकलत असे.

चाकणचा चौक पहाटेच ओलांडा. आम्ही पहिल्या शिफ्टच्या बसेस आणि कंटेनर यांच्या मध्ये तासभर अडकलो. राजगुरुनगरला मिसळ घेतली, रस्सा बरा, पाव शिळा. तिथून वाडा गावाचा रस्ता धरला की चासकमान धरणाचे पाणी सोबतीला येते. हा टप्पा देखणा आहे. वाड्याच्या पुढे आम्ही गेलो तेव्हा रस्ता उखडलेला होता आणि इथेच नव्या जोडणीचे मोल कळले. आरशात ट्रेलर एका अंगाला कलत होता, गाडी दुसऱ्या अंगाला, आणि दोघांमध्ये एकही हिसका नव्हता. मी बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिले.

भोरगिरीच्या अलीकडे आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

"थांबव," बाबा म्हणाले.

ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चारही बोल्ट काळे, स्वच्छ, सुंदर. त्यातला कुठला सैल, हे डोळ्यांना सांगता येईना. शेताच्या बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले.

"काय झालं व्हं? बैल आनू का वडायला?"

"नको. बोल्ट बघतोय," बाबा म्हणाले.

"मंग एसटीत बसा, येईलच आता. आमच्या बैलगाडीला ह्यो तापच न्हाई बगा."

मी टॉर्क पाना काढला. तीन बोल्ट जागचे हलले नाहीत. मागचा डावा पाव फेरा फिरला. कारण मला तत्काळ कळले आणि ते मान्य करणे जड गेले. जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवे, त्या पृष्ठभागावरही मी हट्टाने कोटिंग करवून घेतले होते. रंगाचा तो थर दबला आणि बोल्टचा ताण गेला.

"मार्किंग मारलं नव्हतं त्यानं?"

"मारलं होतं. मी पुसलं."

"का?"

"वाईट दिसत होतं."

बाबांनी त्या काळ्या बोल्टवरून अंगठा फिरवला. "कुकरसारखं?"

मला वाटायचे, त्यांना ते कधी कळलेच नाही.

मी चारही बोल्ट पुन्हा मोजून आवळले. बाबांनी खिशातला मार्कर माझ्या हातात दिला. "ओढ. सरळ ओढ." मी चार रेघा ओढल्या. तेवढ्यात एसटी आली, आमच्यामागे हॉर्न वाजवत थांबली. मी बाबांकडे पाहिले. त्यांनी हात करून तिला पुढे जायला सांगितले.

"गाडी बाजूला घे आणि चहा टाक. मग दर दोन किलोमीटरला उतरून बघायचं."

बघितले. मुक्काम नदीकाठच्या सपाटीवर झाला. गावात पिठलं-भाकरी सांगितली तर मिळते, आधी सांगा. रविवारी परततानाही रेघा अखंड होत्या.

सोमवारी मी चिखलीला जाऊन ज्ञानोबांना घडलेले सगळे सांगितले आणि जोडाच्या जागेवरचे कोटिंग खरवडायला लावले. ते हसले नाहीत, फक्त रंगाचा डबा पुढे घेतला. घरी आल्यावर गाडीच्या खणात मार्कर सापडला.

"बाबा, मार्कर विसरलात," मी फोनवर म्हटले.

"विसरलो नाही. तिथंच असू दे. आणि पुढच्या वेळी पाचला ये, साडेसहाला नाही. चाकणला अडकायला होतं."