पंधराशेची घाई

त्याला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं; स्वतःच्या लग्नातही तो दोनदा उठून स्पीकरची वायर तपासून आला होता. अशा माणसाने फिरतीची नोकरी धरली यात नवल ते काय! दवाखान्यांतल्या फ्रिजना तो सिमकार्डाच्या पेट्या बसवायचा. पेटी फ्रिजचं तापमान टिपायची आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून कचेरीला कळवायची; तापमान चढलं तर दवाखान्याच्या फोनवर धोक्याचा इशाराही पाठवायची.

त्या दिवशी अकराच्या सुमारास रक्तपेढीच्या सिस्टरचा फोन आला.

"भाऊ, पेटीचा दिवा हिरवा आहे, पण कालपासूनची नोंद कचेरीत पोचलीच नाही म्हणे. बारापर्यंत आली नाही तर बासष्ट पिशव्या फेकाव्या लागतील. दोन ऑपरेशनं थांबलीत."

"आलोच," म्हणेपर्यंत तो जिन्यात होता.

रक्तपेढीतल्या फ्रिजवर चार अंशांचा आकडा होता, म्हणजे आत्ता तरी सगळं ठीक. पण रात्रभर काय झालं ते पेटीलाच ठाऊक. त्याचा हात सवयीने पेटीच्या बटणाकडे गेला. बंद करून चालू करणं हा त्याचा सगळ्या दुखण्यांवरचा रामबाण उपाय. सिस्टरने त्याचं मनगटच धरलं.

"बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

तो वरमला. लॅपटॉप जोडून बघतो तर 'मी चालू आहे' हा चिमुकला निरोप दर मिनिटाला बिनबोभाट जात होता, म्हणून तर दिवा हिरवा. मोठी नोंद मात्र निघायची आणि अडकायची. मग त्याची ट्यूब पेटली. नोंद ज्या तुकड्यांनी जाते त्या पॅकेटचा आकार: पंधराशे बाइट. कचेरीतल्या वायरवरून एवढं पॅकेट आरामात जातं. या सिमच्या नेटवर्कला ते पेलत नाही, आणि पेलत नाही असं ते सांगतही नाही, नुसतं गिळून बसतं.

पंधराशे कोणी घातले? त्यानेच, कालच, कचेरीत बसून सगळ्या पेट्यांना. सिमवर चाचणी घ्यायची तर पेटीपुढे अर्धा तास बसावं लागतं. एवढा धीर कोणाला? त्याने कचेरीतली वायर खुपसून दोन मिनिटांत चाचणी उरकली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं बायको म्हणते ते काही उगाच नाही.

त्याने साडेचौदाशे घातले. पाच मिनिटं वाट पाहायची होती. त्याने खोलीत वीसेक फेऱ्या मारल्या, नखं खाल्ली, घड्याळाला शिव्या दिल्या. नोंद गेली नाही. मग चौदाशे. पुन्हा फेऱ्या. बाराला आठ मिनिटं असताना नोंद सुळकन गेली.

"सुटलो!" तो ओरडला.

दोघं स्क्रीनवर वाकले. आलेख सरळ चालला होता. पहाटे पाचला तो वर चढला, अकरा अंशांवर तासभर थांबला आणि मग खाली आला.

"सहाच्या वर चालत नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "गेल्या सगळ्या पिशव्या. पण मग धोक्याचा इशारा का नाही आला? पहाटेही मी इथेच होते. पाच मिनिटांत दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवल्या असत्या."

इशाऱ्याबरोबर आलेख जोडलेला असतो. म्हणजे तोही मोठाच. नेटवर्कवर खापर फोडणं सोपं होतं. कोणी तपासणारही नव्हतं.

"इशारा पेटीतून निघाला होता, सिस्टर," तो म्हणाला. "माझ्या सेटिंगमुळे अडकला. चूक माझी."

तिने रजिस्टर ओढलं, एक ओळ लिहिली आणि पेन थांबवलं.

"अशा किती पेट्या बसवल्यात तुम्ही?"

"आणखी एकोणीस."

"मग माझ्याकडे काय बघताय, भाऊ? फोन लावा!"