सुरतेत वाकलेली एक दोरी

आधी वस्तुस्थिती, आणि ती घडली त्याच क्रमाने.

एक. माझा धाकटा भाऊ दिलीप नंदुरबारकडचे गाव सोडून सुरतेत यंत्रमागावर कामाला लागला आणि उधन्याहून बमरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका गल्लीत त्याने घर बांधले. दोन. चौऱ्याण्णवच्या प्लेगात ती गल्ली बघता बघता रिकामी झाली आणि पुढे हळूहळू पुन्हा भरली. तीन. त्यानंतर साफसफाईचे आणि रस्ते रुंद करण्याचे काम आधी जुन्या शहरात, चौक बाजाराच्या बाजूला सुरू झाले आणि शहाण्णवच्या हिवाळ्यात या गल्लीच्या तोंडाशी पोहोचले. चार. गटार टाकायचे तर दोन्ही बाजूंचे ओटे मागे घ्यावे लागणार होते. गल्लीकरांनी स्वतः दोरी धरून गेरूची रेघ ओढली. रेघेबाहेरचे ज्याचे त्याने काढायचे, नाहीतर कामाची टोळी दुसऱ्या गल्लीत जाणार आणि येत्या पावसाळ्यात पाणी पुन्हा घरात शिरणार. पाच. दिलीप सोडून सगळे तयार झाले. आणि एकाचा ओटा राहिला तर बाकीचे आपले का तोडतील? सहा. दिलीपने मला जळगावला फोन केला. "ताई, तू तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवतेस. रेघ वाकडी आहे, मुद्दाम माझ्यावर आणली आहे. तू येऊन मोज आणि सगळ्यांसमोर सांग."

मी निघाले. वाकडी रेघ मला कोणाचीच खपत नाही.

जळगावहून सुरतेला जायचे तर तापी लाइनची पॅसेंजर घ्यावी, असे माझे आजही मत आहे. वेळ जास्त लागतो, पण खानदेश डोळ्यांसमोर हळूहळू गुजरात होताना दिसतो. अमळनेरला शेंगा, दोंडाईच्याला मिरच्यांचे लाल ढीग, आणि नवापूरला ते स्थानक, ज्याचे एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजरातेत आहे. तेथे चहावाल्याची भाषा फलाटाच्या मध्यावर बदलते. चहा मात्र दोन्ही राज्यांत सारखाच पातळ. व्यारा मागे पडले की ऊस सुरू होतो आणि चलथाणला साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरतो. ज्यांना कापड गिरण्यांच्या भागात जायचे आहे, त्यांनी सुरत मुख्य स्थानकापर्यंत जाऊ नये. उधन्याला उतरावे आणि रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. बसल्यानंतर ठरवणारे हळहळतात.

सुरतेविषयी माझे मत तोवर वाईट होते आणि ते मी लपवत नसे. प्लेगापूर्वी एकदा आले होते तेव्हा नाकावरचा पदर मी परतीच्या गाडीत बसल्यावरच काढला होता. या वेळी उधन्याच्या रस्त्यावर मी पदर नाकाला लावला आणि थोड्या वेळाने खाली घेतला. कचऱ्याचा ढीग नव्हता. झाडणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला आपले खराटे उभे करून चहा पीत होत्या आणि त्यांनी झाडलेला रस्ता खरोखर झाडलेला होता. झाडल्यासारखे दाखवणे आणि झाडणे यांतला फरक मला कळतो.

गल्लीत मात्र दृश्य निराळे होते. येथे प्रत्येकाने आपला ओटा शेजाऱ्याच्या ओट्यापेक्षा थोडा उंच बांधलेला. पाणी आपल्या घरात येऊ नये हा हेतू. परिणाम असा, की सगळे पाणी गल्लीत अडकून राही आणि ज्याचा ओटा सर्वांत जुना, म्हणून सर्वांत बुटका, त्याच्या घरात जाई. याला नियोजन म्हणत नाहीत. दिलीपचा ओटा सर्वांत उंच आणि रुंद होता आणि त्याच्या मधोमध काळ्या दगडाचे उखळ बसवलेले होते. ते माझ्या भावजयीने, मंगलने, माहेरहून आणले होते. गल्लीतल्या बायका तिखट, मसाला, हळद तिथेच कुटत.

"ताई, आठे बसा," मंगलने मला उखळाशेजारी बसवले. घरात ती अहिराणीच बोलते. "ओटा म्हंजे घरनं तोंड शे. तोंडच नही राह्यनं, तर लोके काय देखतीन?"

"लोक गटार बघतील. वाहतं गटार," मी म्हणाले.

"तुमले गटारनंच कौतुक!" ती हसली, पण चहा तिने जरा आपटूनच ठेवला. चहात साखर फार होती. मी तसे सांगितले.

संध्याकाळी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. सुरतेत राहूनही मंगलने तिखट कमी केलेले नाही, याची मला धन्यता वाटली.

दुसऱ्या दिवशी दिलीपची मागावर सुट्टी होती. तो मला जुन्या शहरात घेऊन गेला, बहुधा माझे मन आपल्या बाजूला वळवावे म्हणून. "बघ," तो म्हणाला, "इथं मोटारी जातात म्हणून कापलं. आमच्या गल्लीत काय जातं? सायकल."

चौक बाजाराच्या बाजूचे ते दृश्य मी विसरलेले नाही. घरांचे दर्शनी भाग कापलेले, आणि कापलेल्या जागी आतल्या खोल्यांचे रंग उघडे पडलेले: कुठे निळी भिंत, कुठे देव्हाऱ्याचा कोनाडा, कुठे रस्त्यात येऊन अचानक संपणारा जिना. परंतु जेथे काम पुरे झाले होते तेथे नव्या भिंती एका ओळीत उभ्या होत्या. मी रस्त्याच्या एका बाजूला उभी राहून एक डोळा मिटला आणि ओळ पाहिली. सरळ होती. भर बाजारात मी मोठ्याने "वा" म्हणाले आणि दिलीप ओशाळला.

एका जरीच्या दुकानात आम्ही थांबलो. म्हातारे शेठ गादीवर बसले होते आणि गादीच्या पुढे दुकानच संपत होते, इतके ते आखूड झालेले. मी विचारले, नुकसान झाले का?

"बेन, दुकान नानी थई, पण घराकी मोटी थई." दुकान लहान झाले, धंदा वाढला, असे म्हणून ते स्वतःच खूश झाले. पूर्वी गिऱ्हाइकाला गाडी लांब उभी करून चिखलातून यावे लागे, हेही त्यांनी सांगितले.

दिलीपने हळूच विचारले, "कोणे तोड्यू, शेठ?"

"अमेज तोड्यू. पारका हथोडानी राह कोण जुए?" आम्हीच तोडले, दुसऱ्याच्या हातोड्याची वाट कोण पाहणार! आणि त्यांनी नोकराला आमच्यासाठी सोडा आणायला पिटाळले.

नंतर तापीच्या काठी आम्ही पोंक खाल्ला. हिवाळ्यात सुरतेला जाल तर हा हुरडा चुकवू नका. कोवळ्या ज्वारीचे दाणे, वर शेव आणि लिंबू. वाफवलेल्या डाळीचा लोचो मात्र मला पटला नाही. जो पदार्थ आपला आकार धरून ठेवू शकत नाही, त्याविषयी माझा आग्रह नाही. परतताना दिलीप एकच वाक्य बोलला: "शेठ पैसेवाला आहे, ताई. त्याला तोडणं परवडतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फीत, दोरी आणि ओळंबा घेऊन गल्लीत उतरले. सगळी गल्ली जमली. दिलीप छाती पुढे काढून ओट्यावर उभा. समोरच्या घरातले सुकलाल आप्पा, मागावर केस पिकवलेला माणूस, त्यांनीच गेरूची रेघ मारताना दोरीचे एक टोक धरले होते. ते मला पाहताच बाजूला सरकले. मला ते तेव्हाच खटकायला हवे होते.

मी गल्लीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि चालत आले. प्रत्येक घरापुढे गेरूची रेघ दोरीखाली तंतोतंत. दिलीपच्या घरापुढे मात्र नाही. मी पुन्हा ताणली. पुन्हा तेच.

"वाकडी आहे ना?" दिलीप ओरडला. "सांगितलं होतं मी सगळ्यांना!"

"वाकडी आहे," मी म्हणाले. "पण तुझ्यावर नाही आणलेली, दिलीप. तुझ्यापुढे ती बाहेर काढली आहे. सगळ्यांचे ओटे मागे जातात, तुझा अर्धा वाचतो. उखळ आहे तेवढा भाग."

मग कोणी तरी खोकले आणि सगळ्यांनी आप्पांकडे पाहिले.

"दोरी ताणतांना हात जरासा वाकना, ताई," आप्पा जमिनीकडे पाहत म्हणाले. "त्या उखळमां मन्ही पोरना लगननी हळद कुटेल शे."

"मन्ही सूननी बी," मागून एक म्हातारी म्हणाली.

"आणि हे कोणी मला सांगितलं नाही?" दिलीपचा आवाज बदलला होता.

"सांगणार कसं?" आप्पा आता हसले. "तू अर्ध्या ओट्यासाठी एवढा भांडतोस, सूट दिली म्हटलं असतं तर पुऱ्यासाठी भांडला असतास!"

गल्ली खदखदून हसली. दिलीप हसला नाही. तो ओट्यावरच माझ्या दोरीपाशी बसला आणि तिच्याखाली बोटाने धुळीत रेघ ओढत गेला, थेट आपल्या उंबऱ्याच्या पायरीला लागून. मग म्हणाला, "मला कुणाची सूट नको. घण द्या."

"आन उखळ?" मंगलने दारातून विचारले. तिचे डोळे भरले होते.

ते मात्र मी ठरवले. गल्लीच्या टोकाला, नळाच्या पलीकडे, रेघेच्या आत मोकळी जागा होती. पाणसळ लावून मी ती समतल करून घेतली. पुरुषांनी उखळ उपटले आणि पहारींवर घालून सरकवत नेले. बायका सोबत चालल्या, वरातीत चालतात तशा, एकमेकींना टोमणे मारत. "आता मंगलले बी लाइनमां उभं राहीसन मिरची कुटनी पडी!" मंगल रडत होती आणि हसतही होती. मागे दिलीपचा घण चालू होता. त्याने पहिला घाव घातला आणि लगोलग समोरच्या ओट्यावर आप्पांचा घण पडला. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना विटांचे ढीग होते आणि त्यांच्या कडेने माझी दोरी, सरळ.

मी निघेपर्यंत गटाराची टोळी आली होती. पुढच्या पावसाळ्यात दिलीपने फोन केला आणि फक्त "ऐक" म्हणून रिसीव्हर दाराबाहेर धरला. पाणी वाहत असल्याचा आवाज जळगावात माझ्या कानापर्यंत आला.

आज लोक मला सुरतेविषयी विचारतात, तेव्हा मी उड्डाणपुलांचे सांगत नाही. ज्यांना आपण अडाणी, गलिच्छ म्हणून मोकळे होतो त्या मागवाल्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा उंबरा मागे घेतला, हे सांगते. माझा भाऊ त्यांच्यात होता, हे त्याच दमात सांगते, आणि मान ताठ ठेवून सांगते.

आणि आता माझ्या कॉलनीकडे वळते. येथे प्राध्यापक, बँक अधिकारी, दोन वकील राहतात. हा ब्लॉग त्यांपैकी बहुतेक जण वाचतात, कारण भेटल्यावर शुद्धलेखनाच्या चुका शोधून सांगतात. मंजूर नकाशा माझ्याकडे आहे. बागांची कुंपणे, गाड्यांचे उतार आणि तुळशीची दोन वृंदावने रस्त्यावर आलेली आहेत. मागच्या महिन्यात रुग्णवाहिका वळू शकली नाही आणि जोशीकाकूंना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागले. पुढच्या रविवारी सकाळी मी दोरी ताणणार आहे. ती कोणासाठीही वाकणार नाही. आपापले बांधकाम कोण स्वतः मागे घेणार आणि कोण नाही, आणि नाही तर का नाही, हे प्रत्येक घराने शनिवारपर्यंत मला कळवावे. फाटकाशी बोलणे, फोन, चहाचे आमंत्रण चालणार नाही. उत्तर लेखी हवे, सहीसह.