दत्ताचा सोनेरी गाल

दत्ताचा फोन आला, "येतेस तर ये. येताना जोह्याला ताईकडून रंग घे." म्हणून निघाले. दत्ता म्हात्रे माझा कलाविद्यालयातला वर्गमित्र. मी ठाण्यात चित्रकला शिकवते. तो रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला. दोन वर्षांपूर्वी तिथे गरम रसायन उडून त्याचा उजवा गाल भाजला. तेव्हापासून तो फक्त स्वतःच्याच चेहऱ्याचं चित्र रंगवतो, एवढं ऐकून होते.

पेण स्टेशनवरून जोह्याला शेअर रिक्षा मिळते. माझे तीस रुपये गेले. गणपती होऊन गेले होते, भात पिवळं पडलं होतं. तिथले गणपतीच्या मूर्तींचे कारखाने निवांत बघायचे तर याच दिवसांत जा. दत्ताच्या ताईंनी, रंजनाताईंनी, कारखान्यात उरलेल्या रंगांचे डबे पिशवीत भरले: मूर्तीच्या अंगाचा गुलाबी, मोरपंखी, पितांबराचा पिवळा.

"काळा?" मी विचारलं.

"नाय उरला गो. सगळा डोळ्यांच्या आखणीत जातो. बस, भाकरी खा."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन पेणला परतले, रोह्याची एसटी पकडली. नागोठण्यापुढे रस्ता इतका उखडलेला की पिशवी मांडीवरच धरून बसले. रोह्याहून दत्ताचं गाव वरसे पाच-दहा मिनिटांवर.

दत्ता पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता. भिंतीला एक प्लायवूड टेकवलेलं. त्याच्याकडे तेवढंच एक; जुन्या चेहऱ्यावर नवा चढवत गेल्याने रंगाचे पापुद्रे साचलेले. काळ्याऐवजी सावल्या मोरपंखी. आणि भाजलेला गाल लखलखीत सोनेरी!

मी बघतच राहिले. म्हटलं, "दत्ता, जखमेला सोनं केलंस तू."

"नाय गो," तो हसला. "गुलाबी संपला होता. मुकुटाचा सोनेरी तेवढा होता डब्यात."

मग त्याने मी आणलेला गुलाबी उघडला, ब्रश बुडवला आणि सरळ त्या गालावर फिरवला.

"थांब! काय करतोस?"

"नीट करतो."

"हाच तर चित्राचा जीव आहे!"

तो थांबला, पण वळला नाही. "तुला चित्र दिसतं. मला सकाळी दाढी करताना हाच गाल दिसतो. एकदा तरी पुरा बघू दे."

त्याची बायको कुंदा चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली. हे रंग चटकन वाळतात. चहा संपेपर्यंत सोनं नाहीसं झालं होतं. मी फोटोसुद्धा काढला नव्हता.

परतीच्या गाडीत स्वतःचाच राग येत होता. मला त्याचं चित्र वाचवायचं होतं की त्याची जखम? चांगले रंग, दुसरा बोर्ड, थोडी सवड मिळाली असती तर त्याने असं काही काढलंच नसतं, असं वाटलं. आणि त्याची अडचणच बरी वाटल्याची लाजही वाटली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी न राहवून फोन केला. "गाल कसा झाला?"

"मस्त. एकदम गणपतीसारखा गुळगुळीत." मग म्हणाला, "पण कुंदा विचारते, हा कोण आणून ठेवलास घरात?"

"मग? परत रंगवणार?"

"कळत नाय गो. तू सांग."

मी चित्रकला शिकवते. तरी एवढंच म्हटलं, "आधी एक फोटो पाठव."